मापनांच्या आधारे विद्यमान घरांचे सुलभ उष्णता-प्रतिमान : औंध परिसरातील माळवदी घराच्या संदर्भात

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील खटाव तालुक्यात वसलेले औंध आणि जुन्या औंध संस्थानाचे आटपाडी व कुंडल हे आज सांगली जिल्ह्यात मोडणारे भाग, हा सर्व मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतील आहे. पाऊस बेताचा, आकाश वर्षाचे बरेच महिने निरभ्र, आणि दिवस व रात्र यांच्या तपमानांतील अंतर मोठे. चैत्र-वैशाखात दुपारचे तपमान ३८ ते ४० अंश सेल्सिअसच्या घरात जाते, तर पहाट बरीच शीतल असते. अशा हवामानात दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे माळवद असे घर बांधण्याची रीत रूढ झाली, ती केवळ लाकूड व कौले दुर्मिळ होती म्हणून नव्हे. गेल्या काही दशकांत मात्र माळवदाची जागा लोखंडी पत्र्याने अथवा सिमेंटच्या स्लॅबने घेतली आहे. या पालटाने घरातील उष्म्यात किती फरक पडतो, आणि पडलेला फरक कमी खर्चात कसा भरून काढता येईल, हे सांगण्यासाठी उभ्या असलेल्या घराचे गणिती प्रतिमान हाती असावे लागते. ते कसे बांधावयाचे, त्यास कोणती मापने पुरतात आणि त्यावर कितपत विसंबावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रतिमानाचे दोन मार्ग संभवतात. पहिला मार्ग नव्या इमारतीचा. प्रत्येक थराची जाडी, घनता, विशिष्ट उष्णता व उष्णतावाहकता कोष्टकांतून घ्यावयाची आणि संगणकावर तासातासाचा हिशेब मांडावयाचा. जुन्या घराच्या बाबतीत हा मार्ग लंगडा पडतो. साठ वर्षांपूर्वी घातलेल्या मातीत आज ओलावा किती, दोन दर्शनी दगडांमधील भर कशाची, दाराच्या फटींतून वारा किती वाहतो, या प्रश्नांची उत्तरे कोणत्याही कोष्टकात नाहीत. दुसरा मार्ग याच्या उलट दिशेने जातो. घरातील व बाहेरील तपमानांची काही आठवडे नोंद करावयाची, आणि त्या नोंदींना जुळेल असे अगदी मोजक्या प्राचलांचे प्रतिमान शोधावयाचे. त्यात घराचा तपशील हरवतो, परंतु घराचे वर्तन हाती लागते.

या मोजक्या प्राचलांत दोन मुख्य आहेत. एक उष्णतारोध, म्हणजे आतून बाहेर वा बाहेरून आत जाणाऱ्या उष्णतेस घर जो अडथळा करते तो. त्यास र म्हणू. दुसरी उष्णताधारिता, म्हणजे घराचे तपमान एक अंशाने चढविण्यास लागणारी उष्णता, ती ध. घरातील तपमान त, बाहेरील ब, सूर्यकिरणांची तीव्रता स, तिला ग्रहण करणारे घराचे परिणामी क्षेत्र क्ष आणि घरातच उत्पन्न होणारी उष्णता (चूल, दिवे, माणसे) ज मानली, तर उष्णतेचा जमाखर्च असा मांडता येतो :

ध × (त मधील वाढ ÷ कालावधी) = (ब − त) ÷ र + क्ष × स + ज

विद्युत्शास्त्राच्या विद्यार्थ्यास हे समीकरण ओळखीचे वाटेल. विद्युत्दाबाच्या जागी तपमान, प्रवाहाच्या जागी उष्णता, रोधाच्या जागी भिंत व धारित्राच्या जागी तिचे वस्तुमान ठेवले की रोध-धारित्राचे साधे मंडल मिळते. हे साम्य वापरून उष्णतेचे प्रश्न प्रत्यक्ष विद्युत्मंडलावर सोडविण्याची पद्धत हॉलंडमधील ब्यूकेन याने १९३६ मध्ये मांडली. र व ध यांच्या गुणाकाराला काळाचे परिमाण असते; त्यास कालांक म्हणावे. बाहेरचे तपमान एकाएकी बदलून स्थिर राहिले तर आतील व बाहेरील तपमानांतला फरक एका कालांकात मूळच्या सुमारे ३७ टक्क्यांवर येतो.

उदाहरणादाखल दोन घरे कल्पावी. एकाचा कालांक ४० तास, दुसऱ्याचा ४ तास. सायंकाळी दोहोंत ३० अंश तपमान असून बाहेर रात्रभर २० अंश आहे. दहा तासांनी पहिल्या घरात २७.८ अंश असतील, दुसऱ्यात २०.८. जड घर दुपारी थंड राहते तेच रात्री उष्ण राहते, हा एकाच गुणाचा दुहेरी परिणाम होय. उन्हाळ्यात माळवदी घरातील माणसे दुपार आत काढतात आणि रात्री अंगणात वा माळवदावर निजतात, या प्रघातात या गणिताचे उत्तर आधीच दिलेले आहे.

एकच धारिता मानणारे हे प्रतिमान ढोबळ आहे. मातीच्या थरातून उष्णता लाटेच्या रूपाने आत शिरते, आणि तिचे शास्त्र फूर्ये याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात सिद्ध केले. दाबलेल्या कोरड्या मातीची उष्णतावाहकता दर मीटर-अंशास ०.७ वॅट आणि धारिता दर घनमीटरास १५ लक्ष जूल धरली, तर दैनिक लाटेची भेदनखोली सुमारे ११ सेंटिमीटर निघते. तितक्या खोलीवर लाटेची उंची ३७ टक्के उरते आणि ती सुमारे पावणेचार तास मागे पडते. ३० सेंटिमीटर मातीपार पोचेपर्यंत लाट ७ टक्क्यांवर येते व दहा तास रेंगाळते. म्हणजे दुपारी एकचे ऊन माळवदाच्या पोटाशी रात्री अकराच्या सुमारास पोचते, आणि तेही नाममात्र. थर १५ सेंटिमीटरचा केला तर २७ टक्के लाट पाच तासांनी, दिवेलागणीच्या वेळी, खाली येते. बारा सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या स्लॅबमधून चाळीस टक्क्यांहून अधिक भाग तीनसाडेतीन तासांत उतरतो. हे सूत्र अनंत जाडीच्या पिंडाचे आहे, त्यास पातळ स्लॅबवर फार ताणू नये. तरी सायंकाळी स्लॅबखाली का तापते याचा उलगडा त्याने होतो.

पत्र्याची गोष्टच निराळी. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याची धारिता दर चौरस मीटरास सुमारे १,९०० जूल, तर ३० सेंटिमीटर माळवदाची ४,५०,००० जूल; सुमारे दोनशे चाळीसपट. पत्रा एकदोन मिनिटांत उन्हाशी समतोल साधतो. भर दुपारी, ३८ अंशांच्या हवेत, जुना गंजलेला पत्रा ५५ ते ६० अंशांवर जाणे हे साध्या हिशेबात बसते. त्याची उष्णता मुख्यत्वे किरणोत्सर्गाने खाली बसलेल्या माणसाच्या अंगावर पडते. म्हणूनच अशा घरात केवळ हवेचे तपमान मोजणे फसवे ठरते. व्हर्नन याने १९३२ मध्ये सुचविलेला काळ्या गोलातील तपमापक हवा व किरणोत्सर्ग या दोहोंचा मिळून परिणाम दाखवितो; पत्र्याच्या घरात तो टांगावाच.

आता मापनांकडे वळू. आतील तपमापक खोलीच्या मध्यभागी, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर, भिंतीला न टेकता व कवडसा न पडेल असा ठेवावा. दर दहा-पंधरा मिनिटांची नोंद पुरे. बाहेरील तपमापक पांढऱ्या झडपांच्या, वारा खेळत्या पेटीत हवा. त्याच्या उंचीविषयी हयगय करू नये, आणि याचे कारण महाराष्ट्रातीलच एका शोधात आहे. पुण्याच्या वेधशाळेत कृषि-हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी आत्मनाथन यांच्यासह १९३२ मध्ये असे दाखविले की, निरभ्र व निवांत रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत कमी तपमान जमिनीच्या पृष्ठाशी नसून त्याच्या काही सेंटिमीटर वर असते. हा निष्कर्ष तत्कालीन समजुतीच्या इतका विरुद्ध होता की त्यावर दीर्घ काळ संशय घेतला गेला. पुढे तो मान्य झाला. औंधसारख्या ठिकाणी कोरड्या रात्री वारंवार येतात. तेथे बाहेरचा तपमापक एका घरी गुडघाभर उंचीवर आणि दुसऱ्या घरी पुरुषभर उंचीवर लावला, तर दोन घरांच्या तुलनेत जमिनीलगतच्या हवेचा फरक घरांच्या खात्यावर पडेल.

नोंदी हाती आल्यावर वरील समीकरण तासातासाच्या पायऱ्यांत मांडतात. पुढील तासाचे आतील तपमान हे चालू तासाचे आतील तपमान, बाहेरील तपमान, ऊन व अंतर्गत उष्णता यांना ठरावीक गुणकांनी गुणून येणारी बेरीज होय. हे गुणक लघुतम वर्गांच्या रीतीने काढता येतात, आणि त्यांतील पहिल्यावरून कालांक मिळतो. पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा येथवर सहज येतात. अडचणी यापुढे आहेत आणि त्यांवरच प्रतिमानाची विश्वासार्हता अवलंबून आहे.

पहिली अडचण अंकांच्या नाजूकपणाची. ४ तासांच्या कालांकास पहिला गुणक ०.७७९ येतो, तर ४० तासांच्या कालांकास ०.९७५. जड घरांत हा गुणक एकास इतका लगटून असतो की ०.९७ ऐवजी ०.९८ आल्यास कालांक ३३ तासांवरून थेट ४९ तासांवर उडी घेतो. त्यातून तपमापकातील चुका या केवळ इकडेतिकडे विखुरत नाहीत. चालू तासाच्या तपमानात मापनदोष मिसळला की लघुतम वर्गांची रीत पहिला गुणक नेहमी खरा असतो त्याहून लहान देते, अर्थात कालांक कमी दिसतो. निष्काळजी मापनाने माळवदी घर आहे त्यापेक्षा हलके ठरते, आणि पत्र्याच्या घराशी त्याचे अंतर कागदावर कमी होते. मापनदोष व घराच्या वर्तनातील अनियमितता ही दोन निरनिराळी पदे म्हणून मांडणे हा त्यावर उपाय आहे. डेन्मार्कमधील मॅडसन व होल्स्ट यांनी १९९५ मध्ये इमारतींच्या बाबतीत ही संभाव्यताशास्त्रीय मांडणी केली, आणि आज या क्षेत्रातील बरेचसे काम त्या वाटेने चालते.

दुसरी अडचण अधिक मूलभूत आहे. ज्या घरात उष्णतेचा कोणताही ज्ञात उगम नाही, त्याच्या समीकरणास ध ने भागले असता केवळ र आणि ध यांचा गुणाकार व क्ष आणि ध यांचे गुणोत्तर एवढेच उरते. र स्वतंत्रपणे किती आणि ध किती, हे अशा नोंदींतून कितीही महिने मोजले तरी काढता येत नाही. दुप्पट रोध व निम्मी धारिता यांचे घर तपमानाच्या आलेखावर अगदी तसेच दिसेल. युरोप-अमेरिकेत घरे तापविलेली असतात व इंधनाचे माप घरात येते, त्यामुळे तेथील लेखकांना हा प्रश्न फारसा छळत नाही. आपल्याकडील विद्यार्थ्याने त्यांची सूत्रे जशीच्या तशी उचलली की तो येथे अडकतो.

यातून सुटका ज्ञात उष्णता घरात सोडल्यानेच होते. हिवाळ्यातील रात्री दारे-खिडक्या लावून विजेची शेगडी ठराविक वॅटवर चालवावी आणि शेगडीविना तशाच गेलेल्या रात्रीशी ताडून पाहावे. अशा अल्पकालीन चाचण्यांतून पूर्ण वर्षाचे अनुमान करण्याची पद्धत के. सुब्बाराव यांनी अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १९८८ मध्ये मांडली. एकदोन रात्रींत काम उरकणाऱ्या फ्रेंच पद्धती त्यानंतरच्या आहेत. परंतु जड घरात एकदोन रात्री अपुऱ्या पडतात. वर कल्पिलेल्या ४० तासांच्या घरातून प्रत्येक अंशाच्या फरकास १५० वॅट उष्णता जाते असे धरू. मग त्याची धारिता दर अंशास ६ किलोवॅट-तास होईल, आणि १ किलोवॅटची शेगडी सहा तास जाळूनही घर जेमतेम ०.९ अंशाने तापेल. तपमापकाची चूक पाव अंशाची असेल तर उत्तरात पावहिस्स्याहून अधिक संशय राहतो. प्रत्यक्षात हवा याहून बरीच तापलेली दिसेल, कारण सहा तासांत उष्णता भिंतीच्या पूर्ण जाडीत पोचतच नाही. आणि त्या अंकावरून घाईने काढलेली धारिता खरीच्या निम्मीही नसेल.

येथे एकाऐवजी दोन धारितांचे प्रतिमान घ्यावे लागते. एक लहान धारिता हवा, भांडीकुंडी व भिंतीचा वरवरचा गिलावा यांची, तर दुसरी मोठी भिंतीच्या गाभ्याची व माळवदाची. दार उघडताच पहिली झटकन उतरते, दुसरी ढळत नाही. प्राचलांची संख्या तीनावरून पाचसहावर जाते. तीन किंवा चार धारिता घेण्याचा मोह होतो, परंतु नोंदी त्यांचा भार सोसत नाहीत. कोणते प्रतिमान पुरेसे हे ठरविण्याची कसोटी सोपी आहे. अनुमानित व मोजलेल्या तपमानांतील अवशेष काढावेत. त्यांत दैनिक लय शिल्लक असेल तर प्रतिमानात काही सुटले आहे. नसेल तर आणखी प्राचल जोडू नये. शिवाय ज्या आठवड्यांवर प्रतिमान बेतले त्यांवरच ते तपासणे ही फसवणूक होय. एप्रिलवर बेतलेले प्रतिमान डिसेंबरवर चालवून पाहावे.

ऋतूंच्या निवडीला आणखी एक कारण आहे. निरभ्र उन्हाळ्यात ऊन व बाहेरील तपमान रोज एकत्र चढतात व एकत्र उतरतात, म्हणून आत चढलेली उष्णता छतावरील उन्हाची की भोवतालच्या हवेची, हे गणिताला वेगळे करता येत नाही. ढगाळ दिवस हा येथे मोठा उपकारक. वळवाच्या सरी येऊन गेल्यानंतरचा आठवडा आणि मृगाच्या आरंभीचे दिवस नोंदीत असतील तर क्ष विश्वसनीय येतो. त्यातही एक मेख आहे : भिजलेली माती कोरड्या मातीहून अधिक वाहक व अधिक धारक असते, आणि माळवद वाळत असताना बाष्पीभवनाने थंडही होते. पावसाळ्यातील प्राचल उन्हाळ्यास लावू नयेत. शेणाने सारवलेल्या, पाणी शिंपडलेल्या जमिनीचेही तेच. आणि दारे उघडी की लावलेली याची नोंदवही घरच्या माणसांकडून रोज भरून घेतल्याखेरीज र हा आकडा निरर्थक आहे.

इतका खटाटोप कशासाठी, याचे उत्तर प्रचलित मानदंडांत सापडते. केंद्र शासनाच्या २०१८ च्या इको-निवास संहितेने निवासी इमारतींच्या छतासाठी उष्णता-पारगमनाची कमाल मर्यादा दर चौरस मीटर-अंशास १.२ वॅट ठेवली आहे. संहिता मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामासाठी आहे, खेड्यातील जुन्या घरासाठी नव्हे. तथापि अभियंत्याच्या हाती एकदा मोजपट्टी आली की ती सर्वत्र लावली जाते. ३० सेंटिमीटर माळवदाचे पारगमन सुमारे १.६ येते, म्हणजे ते नापास. पत्र्याखाली २५ मिलिमीटर थर्मोकोल लावला की १.१ येते, म्हणजे ते उत्तीर्ण. दिवसरात्रीच्या सरासरी उष्णतेपुरता हा निवाडा बरोबर आहे, कारण सरासरी केवळ रोधावर ठरते. दुपार व मध्यरात्र यांतील हेलकावा मात्र धारितेवर ठरतो आणि या मोजपट्टीत धारितेला जागा नाही. औंधच्या हवेत सरासरी तपमान सुसह्य असून हेलकावाच जाचक आहे. त्यामुळे येथे छताचा निर्णय एका अंकावर करणे चुकीचे ठरेल.

माळवदाचा पक्ष घेतानाही दुसरी बाजू झाकता येत नाही. ३० सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरास सुमारे ५०० किलो, म्हणजे चोवीस चौरस मीटरांच्या खोलीवर बारा टन. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप सातारा जिल्ह्यातीलच होता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली, ती बहुतांशी दगडमातीच्या भिंती व जड माळवदे यांखाली गाडली गेली. त्यानंतर पत्र्याकडे वळलेल्या कुटुंबास उष्णतेचे आलेख दाखवून पुन्हा माती चढविण्यास सांगणे अनुचित होय. प्रतिमानाचा खरा उपयोग मधल्या पर्यायांच्या परीक्षेत आहे. वर्षानुवर्षे नवी माती घालून जाड झालेले माळवद १५ सेंटिमीटरवर आणले तर घर किती तापेल? पत्र्याखाली छत करून भिंतींची धारिता कायम ठेवली तर? नुसता चुना लावला तर? शेवटच्या प्रश्नाशी निगडित एक प्रयोग पुण्यात १९३० च्या दशकातच झाला आहे. काळ्या जमिनीवर पांढऱ्या भुकटीचा पातळ थर पसरला असता जमिनीचे तपमान लक्षणीय उतरते, हे रामदास व त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून दाखविले. छताच्या प्रतिमानात हा उपाय केवळ क्ष या एका प्राचलास स्पर्श करतो, र व ध तसेच राहतात. म्हणून चुना लावण्यापूर्वीचे दोन आठवडे व नंतरचे दोन आठवडे यांच्या नोंदींतून त्याचा परिणाम हवामानापासून वेगळा काढता येतो, आणि त्यासाठी शेगडीची चाचणीही लागत नाही.

औंधात या अभ्यासास योग्य घरांची वानवा नाही. सूर्यनमस्कारांचे प्रवर्तक राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेली श्रीभवानी संग्रहालयाची इमारत येथे आहेच; शिवाय गावातील जुनी वाडे-माळवदे, त्यांच्याच शेजारी पत्रा चढलेली तशीच घरे आणि अलीकडची स्लॅबची घरे एका हाकेच्या अंतरात आहेत, म्हणजे बाहेरील हवा व ऊन सर्वांस समान मिळते. एकाच भिंतींवर पूर्वी माळवद व आता पत्रा असलेले घर आणि त्यालगतचे माळवद कायम असलेले घर अशी जोडी निवडली तर दोहोंतील फरक जवळजवळ सर्वस्वी छताचा ठरेल. नोंदी मार्गशीर्ष-पौषातील तीन आठवड्यांच्या, शेगडीच्या चाचणीसह, आणि चैत्रापासून मृगापर्यंतच्या सलग घ्याव्यात. प्रत्येक घरी हवेचा एक व काळ्या गोलातील एक असे दोन तपमापक, आणि सर्व घरांसाठी मिळून बाहेरची एकच पेटी व उन्हाचे एकच मापक पुरेल.